औषध, संशोधन आणि स्पर्शाचे भय

एच.आय.व्ही. म्हणजे मृत्यू, हे समीकरण आपल्या वस्त्यांतून अद्याप पुसले गेलेले नाही. म्हणूनच एका संशोधनाची हकिगत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा विषाणू शरीराचे रक्षण करणाऱ्या सीडी-४ पेशी नष्ट करतो, ए.आर.टी. औषधे त्याची वाढ रोखतात. परंतु औषधे घेणाऱ्याकडून जोडीदारास लागण होते काय? एचपीटीएन ०५२ या चाचणीत याचा शोध घेतला गेला. नऊ देशांतील १७६३ जोडपी तीत सहभागी झाली. त्यांत पुणे व चेन्नई येथीलही होती. प्रत्येक जोडप्यात एकच व्यक्ती बाधित होती. एका गटास लगेच औषधे मिळाली, दुसऱ्यास सीडी-४ पेशी बऱ्याच घटल्यावर. २०११ साली आढळले की, जोडीदाराकडूनच झालेल्या २८ लागणींपैकी २७ दुसऱ्या गटातील होत्या; पहिल्या गटात केवळ एक. त्यानंतर सर्वांनाच औषधे देऊ करण्यात आली.

आज शासकीय ए.आर.टी. केंद्रांत औषधे मोफत मिळतात. २०१७ पासून निदान होताच उपचार, हे देशाचे धोरण आहे. मात्र गोळी रोज, न चुकता, आयुष्यभर घ्यावी लागते. आणि लपूनछपून जगणाऱ्यास ते साधत नाही.

एका पंक्तीत जेवल्याने हा विषाणू पसरत नाही. १९२७ साली महाडला पाण्यासाठी उभ्या राहिलेल्या समाजाने बाधित मुलाचे ताट वेगळे मांडू नये, एवढीच आमची विनंती.