कायद्याला आधी पत्ता हवा असतो

ग्राहक संरक्षणाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात प्रतिपक्ष म्हणून एखादी मोठी संस्था गृहीत धरलेली असते. विमा कंपनी, विमान कंपनी, बँक, इमारती उभारणारा विकासक. यांच्याशी लढणे सोपे नसते. पण त्यांना शोधत फिरावे लागत नाही. त्यांची कार्यालये असतात, पाट्या असतात, नोटीस स्वीकारणारा कारकून असतो. सामान्य कुटुंबाची फसवणूक मात्र पुष्कळदा अशा माणसाकडून होते, ज्याच्यापाशी यातले काहीच नसते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणारा, स्वयंपाकघरातले फर्निचर बनवणारा, न्हाणीघराची फरशी बदलून देणारा. तो आगाऊ पैसे घेतो, काम अर्धवट किंवा निकृष्ट करतो आणि एके दिवशी त्याचा फोन लागेनासा होतो. अशा वेळी ‘माझा हक्क काय?’ या प्रश्नाचे उत्तर कायद्याकडे असते. ‘तो माणूस कुठे आहे?’ हा प्रश्न कायदा तक्रारदारावरच सोपवतो.

गेल्या वर्षी हा प्रश्न मी बेंगळुरूच्या राजाजीनगरात जवळून पाहिला. देशाचे शेवटचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव धारण करणारा हा शहराच्या पश्चिमेकडचा भाग. औद्योगिक वसाहत आणि निवासी ब्लॉक इथे शेजारी शेजारी वाढले. इथला पत्ता रस्त्याच्या नावाने नव्हे, तर आकड्यांनी सांगितला जातो: अमुक मेन, तमुक क्रॉस, अमुक ब्लॉक. अनेक दारांवर जुना आणि नवा असे दोन क्रमांक आढळतात. जुन्या सपाट गच्च्यांच्या घरांत दर पावसाळ्याआधी दुरुस्तीची कामे निघतात आणि ती करणारे मेस्त्री ओळखीतून ओळखीत फिरत असतात.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकेने अशाच एका कंत्राटदाराकडून गच्चीचे काम करून घेतले. तीन हप्त्यांत एक लाख पस्तीस हजार रुपये दिले, तेही यूपीआयने, म्हणजे प्रत्येक रुपयाची नोंद ठेवून. पहिल्याच मोठ्या पावसात झोपण्याच्या खोलीचे छत गळू लागले. ‘उद्या माणूस पाठवतो’ असे आठवडाभर सांगून झाल्यावर कंत्राटदाराचा फोन बंद झाला. बाईंच्या हाती उरले ते अंदाजपत्रकाचा एक कागद, काही छायाचित्रे, मोबाइल क्रमांक आणि पैसे पाठवताना पडद्यावर दिसलेले त्याचे नाव.

कायदा पूर्णपणे त्यांच्या बाजूने होता. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात 1993 मध्येच स्पष्ट केले आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा मिळाली. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. दाद मागण्यास दोन वर्षांची मुदत आहे. तक्रार आता संगणकावरूनही दाखल करता येते. कागदावर यापेक्षा उदार व्यवस्था कल्पिणे कठीण आहे.

अडचण तक्रारीच्या नमुन्यातल्या एका रकान्यात होती: विरुद्ध पक्षाचे नाव आणि पत्ता. आयोगाची नोटीस त्या पत्त्यावर जाते. ती मिळाल्यापासून 30 दिवसांत विरुद्ध पक्षाने उत्तर द्यायचे असते आणि आयोग फार तर आणखी 15 दिवस वाढवून देऊ शकतो. ही मुदत त्यापुढे ताणता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये दिला. निर्णय तक्रारदारांच्या हिताचाच आहे. पण मुदतीचे हे घड्याळ नोटीस पोहोचल्यावर चालू लागते. पाकिटावर टपाल खात्याचा शेरा काय येतो, यावर सारे अवलंबून असते. ‘घेण्यास नकार’ असा शेरा आला, तर नोटीस बजावली गेली असे मानता येते. ‘या पत्त्यावर राहत नाही’ असा आला, तर गाडी जागेवरच थांबते. म्हणजे जो दार उघडून नकार देतो तो अडकतो आणि जो रातोरात खोली बदलतो तो सुटतो.

बाईंनी शोध सुरू केला आणि काही दिवस मीही त्यांच्याबरोबर हिंडलो. अंदाजपत्रकावरच्या पत्त्यावर मोबाइल दुरुस्तीचे दुकान निघाले. दुकानदाराला आधीच्या भाडेकरूविषयी काही ठाऊक नव्हते. जीएसटी क्रमांक असता, तर नोंदणीतले नाव आणि व्यवसायाचा पत्ता सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता आला असता. पण सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे त्याला नोंदणीची गरज नसते. अंदाजपत्रकावर असा क्रमांक नव्हताच. विजेची कामे करणाऱ्या ठेकेदाराला राज्य सरकारचा परवाना लागतो. गच्चीला रसायनाचा थर देणाऱ्यासाठी तशी यादी नाही. एका रंगविक्रेत्याने त्याला ओळखले. पण त्याच्या वहीतही केवळ फोन क्रमांक होता आणि उधारीची रक्कम होती.

खरी माहिती मिळाली ती सकाळी मजूर कामाच्या प्रतीक्षेत उभे राहतात त्या नाक्यावर. कलबुर्गी आणि रायचूरकडून आलेले काही जण बाईंच्या गच्चीवर राबलेले होते. त्यांनी बाईंना ओळखले आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला: ‘अम्मा, तो कुठे भेटेल?’ त्यांची अकरा दिवसांची मजुरी बुडाली होती. मुकादमाचे ते एक नाव सांगत होते, बँकेच्या नोंदीत दुसरेच होते. त्यांना त्याचे गाव माहीत होते, घर माहीत नव्हते. कामगार खात्याकडे मजुरीचा दावा करायचा, तर मालक कोण आणि तो कुठे राहतो, हे त्यांनाही सांगावेच लागणार होते. बाईंनी निदान पावत्या जपल्या होत्या. त्यांच्याजवळ तेवढेही नव्हते.

या भेटीने प्रकरणाचे चित्रच बदलले. असे प्रसंग आपण मध्यमवर्गाची गाऱ्हाणी म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. प्रत्यक्षात पत्ता नसलेल्या माणसाकडून पहिली फसगत होते ती त्याच्याहून दुबळ्या माणसाची. घरमालकाचे छत गळते, मजुराची चूल थंड पडते.

पोलिसांकडे का जाऊ नये, असे कोणी विचारील. बाई गेल्या होत्या. ‘हा दिवाणी मामला आहे’ हे अपेक्षित उत्तर त्यांना मिळाले आणि ते सर्वस्वी चुकीचेही नव्हते. फसवणुकीचा गुन्हा ठरण्यासाठी करार करतानाच हेतू अप्रामाणिक होता, हे दिसावे लागते. नंतर शब्द न पाळणे तेवढ्याने गुन्हा होत नाही. दिवाणी वादांना फौजदारी रूप देण्याच्या प्रवृत्तीवर सर्वोच्च न्यायालयाने वारंवार ताशेरे ओढले आहेत, ते योग्यच आहे. पोलीस ठाणे हे वसुलीचे कार्यालय होऊ नये. मात्र या तत्त्वाची दुसरी बाजू अशी की, दिवाणी मार्ग तरी चालता येण्याजोगा असला पाहिजे. तो पहिल्याच पावलाला अडत असेल, तर लोक पोलिसांतल्या ओळखीकडे किंवा वसुलीच्या धंद्यातल्या दांडगटांकडे वळतात. दोन्ही मार्ग कायद्याच्या राज्याला पोखरतात.

एरवी ज्याचा माग लागत नाही असे म्हटले जाते, त्याला शोधणे शासनाला खरोखरच इतके अवघड आहे काय? याचे उत्तर याच शहराने जुलै 2025 मध्ये दिले. कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआय व्यवहारांच्या नोंदी तपासून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या. बेकरीवाले, भाजीविक्रेते, चहाच्या टपऱ्या चालवणारे त्यांत होते. दुकानांतले क्यूआर कोड उतरले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. गदारोळानंतर मुख्यमंत्र्यांना व्यापाऱ्यांशी बोलून तोडगा काढावा लागला. त्या नोटिसा न्याय्य होत्या की नव्हत्या, हा वेगळा विषय. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की, कराचा प्रश्न आला तेव्हा क्यूआर कोडच्या मागचा माणूस शासनाला सापडला. त्याच कोडवर पैसे भरून फसलेल्या नागरिकाला मात्र सांगितले जाते की, पत्ता तुम्हीच शोधून आणा.

मोठ्या वादींचा अनुभव वेगळा आहे. चित्रपट आणि दूरचित्रवाणी कंपन्यांना अज्ञात चाच्यांविरुद्ध उच्च न्यायालयांतून आदेश मिळतात. प्रतिवादीचे नाव ठाऊक नसल्याने तिथे ‘अशोक कुमार’ हे काल्पनिक नाव घातले जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2002 मध्ये ही वाट उघडली. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1973 मध्ये नॉर्विच फार्माकल खटल्यात त्याहून व्यापक तत्त्व मांडले: दोष नसतानाही जो कोणी दुसऱ्याच्या गैरकृत्यात गुंतला गेला असेल, त्याने गैरकृत्य करणाऱ्याची ओळख पीडिताला द्यावी. महागड्या वकिलांच्या हाती असलेली ही हत्यारे सव्वा लाखाच्या तक्रारीपर्यंत पोहोचत नाहीत.

खरे तर हे तत्त्व आपल्या ग्राहक कायद्यात आधीच शिरले आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीने, खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास, विक्रेत्याचा पत्ता आणि तक्रार निवारणासाठी लागणारा तपशील द्यायचा असतो. मोबाइलवरच्या ॲपमधून मागवलेल्या विक्रेत्याला हा नियम लागू. शेजाऱ्याच्या शिफारशीने आलेल्या मेस्त्रीला नाही. नुसत्या खरेदीच्या वाटेवरून हक्कात एवढा फरक पडावा, याला कोणते समर्थन आहे?

उपाय अवजड नाही. साक्षीदारांना बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार ग्राहक आयोगाला कायद्याने दिलेलेच आहेत. तक्रारदाराने नाव, मोबाइल क्रमांक आणि पैसे दिल्याचा पुरावा दाखल केला, तर तेवढ्यावर तक्रार नोंदवून घ्यावी. नंतर आयोगाने बँकेकडून किंवा दूरसंचार कंपनीकडून नोंदणीतला पत्ता बंद लिफाफ्यात मागवावा आणि नोटीस स्वतः पाठवावी. पत्ता तक्रारदाराच्या हाती देण्याचीही गरज नाही. नोटीस इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची सोय कायद्यात आहे; ती चालू क्रमांकावर नेमाने वापरली जावी. कामगार खात्यासमोरील मजुरीच्या दाव्यांनाही हीच पद्धत लागू करता येईल.

खासगीपणाचा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आहे. म्हणूनच पत्ता आयोगापर्यंतच राहावा, असे मी म्हणतो. कायदेशीर हक्क बजावण्यासाठी आवश्यक असलेल्या माहितीला 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही काही बंधनांतून सूट दिली आहे. दुसरा आक्षेप कारागिरांच्या बाजूने येईल: ग्राहकच पैसे बुडवतात, त्याचे काय? ते खरे आहे आणि त्या दाव्यांनाही अशीच मदत मिळायला हवी. दिवाणी प्रक्रिया संहितेने कारागिराची अवजारे जप्तीतून वगळली आहेत. ज्या कायद्याला करवत आणि थापीची किंमत कळते, तो प्रामाणिक कारागिराचा शत्रू होऊ शकत नाही. उलट पळून जाणाऱ्याचा माग लागू लागला, तर चोख काम करणाऱ्याच्या दारात आगाऊ रकमेवरून होणारी घासाघीसच कमी होईल.

बाईंची तक्रार आता दाखल आहे. मजुरांनी सांगितलेल्या गावाच्या पत्त्यावर नोटीस गेली असून पोचपावती अद्याप आलेली नाही. त्यांच्यापाशी वेळ होता, लिहिता-वाचता येत होते, सोबतीला माणसे होती. नाक्यावरच्या मजुरांना एक दिवस शोधात घालवणे म्हणजे एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे. हक्क सर्वांना सारखे वाटून दिले, असे आपण अभिमानाने सांगतो. ते बजावण्यासाठी लागणारा पत्ता मात्र ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे शोधावा, अशी व्यवस्था असेल, तर ती समानता कायद्याच्या पुस्तकातच राहते.