आधी ब्रेक, मग गाडी!

महाबळेश्वर-पाचगणीहून एस.टी.ने वाईला उतरताना पसरणी घाटात एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. उतारावर गाडी ओढावी लागत नाही. तरीही चालक ती खालच्या गियरमध्येच ठेवतो. तेथे इंजिनाचे काम गाडी पळविण्याचे नसून रोखण्याचे असते. नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली, तर ते अतिशय तापतील आणि त्यांची पकड कमी होईल.

स्वतःच्या हातांनी गाडी बनविण्याची हौस तुमच्यापैकी अनेकांना असेल. असावीच! अमेरिकेत १९३० नंतरच्या काळात तरुण मंडळी फोर्डच्या जुन्या मोटारींचे मडगार्ड काढून वजन घटवीत व इंजिनाची ताकद वाढवीत. अशा मोटारींना पुढे ‘हॉट रॉड’ हे नाव पडले. आपल्या सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भागांपासून छोटी जीप बनविली. ती चक्क किक मारून सुरू होते! उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी डिसेंबर २०२१ मध्ये तिचे कौतुक केले. पण ती नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर चालू शकणार नाही, हेही सांगितले. पुढे २०२२ मध्ये लोहारांना तिच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली.

तुम्ही मात्र बेअरिंगच्या गाडीपासून सुरुवात करा. एक मजबूत फळी, गॅरेजमधली जुनी बेअरिंगे आणि मध्यभागी बोल्टवर फिरणारी पुढची आडवी पट्टी, झाली गाडी! लहानपणी आम्हीही अशीच बनविली होती. ब्रेक नव्हता. उतारावर पाय घासूनही ती थांबेना, आणि माझे मनगट मोडले. अजूनही पावसाळ्यात ते ठणकते.

चूक कोठे झाली, ते गणिताने पाहू. घर्षण सोडून दिले, तर १ मीटर खाली उतरलेल्या गाडीचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर होतो. ४ मीटर उतरली, तर ३२. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर मात्र चौपट होते!

म्हणून आधी ब्रेक बसवा. बिजागरीवर हलणाऱ्या लाकडी दांड्याच्या टोकाला जुन्या टायरचा तुकडा ठोका. दांडा ओढला की तो जमिनीवर दाबला गेला पाहिजे. आता त्याची परीक्षा. सपाट जागी मित्राला गाडीवर बसवून ब्रेक ओढायला सांगा आणि रद्दीवाल्याकडे असतो तसल्या स्प्रिंगच्या काट्याने गाडी ओढा. समजा, मित्रासह गाडीचे वजन ४० किलोग्रॅम आहे आणि गाडी सरकू लागताना काटा १० दाखवितो. म्हणजे ब्रेकचा जोर वजनाच्या एक-चतुर्थांश झाला. मग ४ मीटर चालल्यावर १ मीटर खाली जाणाऱ्या उतारावर हा ब्रेक वेगात आलेली गाडी थांबवूच शकणार नाही! ८ मीटरला १ मीटर अशा उतारावर गाडी थांबेल. पण जितके अंतर धावली, जवळजवळ तितकेच आणखी गेल्यावर.

तेव्हा सौम्य उतार निवडा. रस्ता नको, शाळेचे मोकळे मैदान हवे. डोक्यावर हेल्मेट आणि जवळ एखादे शिक्षक असू द्या. पहिल्या दिवशी २ मीटर उतरून थांबा. अंतरे मोजा, वहीत मांडा, आणि ती गणिताशी जुळली तरच दुसऱ्या दिवशी आणखी वरून निघा.