राउटर, हाक आणि ओ

कावेरी आणि अरसलार यांच्या दरम्यान वसलेल्या कुंभकोणम् परिसरात शेताला पाणी पोचले नाही, तर नदीला दोष देऊन भागत नाही. शेतापासून वरच्या बाजूस चालत जाऊन कालव्याचे एकेक दार पाहावे लागते. पाणी जेथे प्रथम आढळते, त्याच्या खालीच कोठेतरी अडथळा असतो. संगणकांच्या जाळ्याची परीक्षाही याच रीतीने करावयाची असते.

प्रत्यक्षात घडते ते निराळे. महाविद्यालयाच्या संगणककक्षात अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी पडदा कोरा राहिला, की राउटर, म्हणजे एका जाळ्यातील संदेश दुसऱ्या जाळ्याकडे धाडणारे यंत्र, बंद करून पुन्हा चालू केला जातो. कधी त्याने काम भागतेही; पण त्याबरोबर बिघाडाचा पुरावा बहुधा पुसला जातो. दोष कक्षाचा, सेवा पुरविणाऱ्याचा, की उशीर करणाऱ्या विद्यार्थ्याचा, हे मग अनिर्णीतच राहते. अर्ज मात्र विद्यार्थ्याचा राहतो.

या परीक्षेचे मुख्य साधन आहे ‘पिंग’. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिले. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून त्याला नाव मिळाले. दूरच्या यंत्राला हाक घालावयाची आणि ‘ओ’ किती सहस्रांश सेकंदांत येते ते मोजावयाचे, एवढेच त्याचे कार्य.

हीच हाक ठराविक क्रमाने आपोआप घालणारी चार-सहा ओळींची आज्ञावली म्हणजे स्क्रिप्ट. (मराठी वाचकाला या शब्दाने लिपी आणि नाटकाची संहिता दोन्ही आठवतील, येथे दुसरा अर्थ अधिक जवळचा, कारण यंत्र ती ओळीने वठवीत जाते.) पहिली हाक स्वतःच्याच यंत्राला, १२७.०.०.१ या पत्त्यावर. तिला ओ मिळाली, तरी तार जोडलेली आहे असे सिद्ध होत नाही. यंत्रातील जाळ्याची व्यवस्था जागी आहे, इतकेच कळते. दुसरी हाक राउटरला, बहुधा १९२.१६८.१.१ अशासारख्या पत्त्यावर. तिसरी बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याला, आणि चौथी नावाने. राउटर ओ देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर शोध राउटरच्या पलीकडच्या बाजूस घ्यावा. अंकी पत्ता ओ देतो आणि नावाची हाक फुकट जाते, तेव्हा तारा शाबूत असतात. नावाचा पत्ता सांगणारी व्यवस्था तेवढी बिघडलेली असते. या अवस्थेत राउटरवर राग काढणे सर्वस्वी अन्यायाचे होय.

मात्र मौनाचा अर्थ लावताना घाई करू नये. अनेक यंत्रांना सुरक्षेसाठी अशा हाकेला उत्तर न देण्याची आज्ञा असते. ती जिवंत असतात, केवळ बोलत नाहीत. म्हणून बाहेरचे दोन-तीन निरनिराळे पत्ते घ्यावेत, आणि एक हाक हुकली म्हणून जोडणी तुटली असे न मानता लागोपाठ तीन-चार हाका हुकल्यावरच तशी नोंद करावी.

स्क्रिप्टचे खरे मोल या नोंदीतच आहे. मिनिटागणिक एक ओळ, तीत वेळ आणि चारही हाकांचे फळ, असे पंधरा दिवस चालले, की ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात जोडणी नेमकी केव्हा तुटली आणि त्या वेळी राउटर तरी जागा होता काय, हे तक्रार करताना कागदावर दाखविता येते. राउटरला हात लावण्यापूर्वी ती नोंद जपून ठेवावी. मिनिटाला एक हाक पुरे. दुसऱ्याच्या यंत्रावर हाकांचा भडिमार झाला, तर तो हल्ला समजला जाऊन उत्तर मिळणे बंद होण्याचा संभव असतो.