भिलाईला छत्तीसगड ऐकवणारा रेडिओ

भिलाईसारख्या कारखान्याच्या गावाला भोवतालच्या प्रदेशाचे संगीत ओळखीचे करून दिले ते मुख्यतः रेडिओने. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून दुर्ग जिल्ह्यात पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यासाठी केरळ, बंगाल, पंजाब, आंध्र, ओडिशा, बिहार, महाराष्ट्र अशा सगळीकडून माणसे आली आणि सेक्टरच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीत स्थिरावली. कामावर हिंदी आणि घरात आपापली भाषा, असा त्यांचा व्यवहार होता. छत्तीसगडी बोली त्यांच्या कानावर पडे ती बाजारात किंवा पाळीवर शेजारी काम करणाऱ्या स्थानिक कामगाराच्या तोंडून. या प्रदेशाची गाणी मात्र खेड्यांत, सणावाराला आणि बहुधा रात्री गायली जात. बाहेरून आलेल्या नोकरदाराची पावले तिकडे सहसा वळत नसत. ते संगीत त्याच्या घरी आले ते रेडिओवरून.

नागपूर, पुणे आणि रायपूर

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत विदर्भ आणि छत्तीसगड एकाच प्रांतात होते आणि नागपूर ही त्यांची राजधानी होती. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. पुनर्रचनेनंतर छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि २ ऑक्टोबर १९६३ रोजी रायपूरला त्याचे स्वतःचे केंद्र मिळाले. रायपूर ते भिलाई हे अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. मध्यम लहरींवरचे रायपूर केंद्र भिलाईत साध्या ट्रान्झिस्टरवरही खणखणीत लागे.

या केंद्रावर लोकसंगीताला जी जागा मिळाली, तिच्यामागे देशभरातले धोरण होते. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मूळचे पुण्याचे. चित्रपटसंगीताला त्यांनी केलेला विरोध आजही लोकांच्या लक्षात आहे. शास्त्रीय संगीताबरोबरच प्रादेशिक लोकसंगीतालाही आकाशवाणीच्या वेळापत्रकात स्थान मिळाले ते त्याच काळात. दुसरा धागाही महाराष्ट्रातलाच आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग केला. महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. शेती आणि गावाच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम लोकांनी एकत्र बसून ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे, अशी त्याची रीत होती. खेड्यातला माणूस रेडिओशी बोलू शकतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले. पुढे देशभर त्याचा विस्तार झाला आणि ग्रामीण कार्यक्रम हा प्रत्येक प्रादेशिक केंद्राचा कणा बनला.

‘चौपाल’ आणि बरसाती भैया

रायपूर केंद्रावरच्या ग्रामीण कार्यक्रमाचे नाव होते ‘चौपाल’. त्यात ‘बरसाती भैया’ या नावाने बोलणारे केसरीप्रसाद वाजपेयी छत्तीसगडभर घरच्या माणसासारखे ओळखले जात. पावसाचा अंदाज, भाताची लावणी, खते, बाजारभाव यांवर छत्तीसगडीतून गप्पा होत आणि मधूनमधून लोकगीते लागत. शेतकऱ्याला त्यात आपली भाषा सापडली. भिलाईतल्या परप्रांतीय श्रोत्याला त्याच गप्पांतून ही बोली उलगडत गेली आणि तिच्यासोबत गाणीही कळू लागली.

कोणतेही गाणे लावण्यापूर्वी निवेदक गायकाचे नाव, त्याचे गाव आणि गीताचा प्रकार सांगत असे. ही आकाशवाणीची नेहमीची शिस्त होती, पण तिचे मोल मोठे आहे. मेळ्यात लांबून ऐकू आलेले गाणे ऐकणाऱ्याच्या लेखी निनावीच राहते. रेडिओवरचे गाणे मात्र नावागावासकट येई. हे करमा आहे, हे ददरिया आहे, हे अमक्या गावच्या मंडळींनी गायले आहे, हे कळले की पुढच्या वेळी तोच प्रकार ओळखता येतो. वरवर एकसारखे वाटणारे संगीत असे वेगवेगळे ऐकू येऊ लागते. शिवाय श्रोत्याला काही शोधावे लागत नसे. बातम्यांसाठी किंवा हिंदी गाण्यांसाठी लावलेल्या रेडिओवर पुढचा कार्यक्रम लोकगीतांचा असे आणि तो आपोआप ऐकला जाई.

वर्षभराची गाणी

छत्तीसगडी लोकसंगीत ऋतूंशी आणि सणांशी बांधलेले आहे. त्यामुळे वर्षभर रेडिओ ऐकणाऱ्याला इथले पंचांगच कानांवाटे कळते. श्रावणात भोजलीची गाणी येतात. टोपलीत उगवलेल्या कोवळ्या रोपांची पूजा करून मुली आणि बायका ती गातात. दिवाळीच्या सुमारास सुवा येतो. टोपलीत मातीचा राघू ठेवून बायका त्याच्याभोवती टाळ्यांच्या ठेक्यावर फेर धरतात आणि मनातले दुःख त्या राघूला सांगतात. त्याच दिवसांत गोंड समाजात रुजलेली गौरा-गौरीची, म्हणजे शिवपार्वतीच्या लग्नाची गाणी असतात. पाठोपाठ गुराखी राऊतांचे दोहे आणि नाच येतो. पौषी पौर्णिमेला छेरछेरा, फाल्गुनात फाग आणि नवरात्रात देवीची जसगीते, असा हा क्रम चालतो.

काही प्रकार सणांपलीकडचे आहेत. ददरिया हे शेतात, रानात काम करताना स्त्रीपुरुषांनी सवालजवाबाच्या ढंगात गायचे प्रेमगीत. करमा हे मांदर नावाच्या ढोलाच्या तालावर चालणारे, आदिवासी समाजांत खोल रुजलेले नृत्यगीत. पंथी हे सतनामी समाजाचे. गुरू घासीदास यांची शिकवण सांगणारे हे समूहनृत्य संथ लयीत सुरू होते आणि विलक्षण वेगापर्यंत चढते. १८ डिसेंबरला गुरूंच्या जयंतीला ते विशेष रंगते. पंथीला देशविदेशांत नेणारे देवदास बंजारे भिलाईजवळच्या धनोरा गावचे. ते पोलाद कारखान्यात नोकरीला होते.

पंडवानी: आवाजाचे नाट्य

रेडिओवर सर्वांत जास्त खुलला तो कथागायनाचा प्रकार. भरथरी, लोरिक-चंदा, ढोला-मारू या लोककथा छत्तीसगडमध्ये गाऊन सांगितल्या जातात. बिलासपूरकडच्या सुरुजबाई खांडे यांनी भरथरीला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. या सगळ्यांत प्रसिद्ध आहे ती पंडवानी, म्हणजे पांडवांची कथा. परधान आणि देवार या भटक्या गायक समाजांनी ती पिढ्यान् पिढ्या सांभाळली. इथल्या पंडवानीचा नायक बहुतेक वेळा भीम असतो, हे तिचे खास वैशिष्ट्य.

पंडवानीच्या दोन शाखा मानल्या जातात. वेदमती शाखेचा गायक बसून गातो आणि सबलसिंह चौहान यांच्या महाभारताचा आधार घेतो. दुर्ग परिसरातले झाडूराम देवांगन आणि पूनाराम निषाद हे या शाखेचे मोठे गायक. कापालिक शाखेचा गायक उभा राहून अभिनय करतो आणि कथेत स्वतःची भर घालतो. त्याच्या हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य. या शाखेत ठसा उमटवणाऱ्या तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारी गावातल्या पारधी कुटुंबात जन्मल्या. आजोबांकडून कथा ऐकून त्या शिकल्या. बायकांनी बसूनच गावे असा संकेत असताना त्या उभ्या राहून गाऊ लागल्या आणि त्यासाठी समाजाचा रोष त्यांनी सोसला. रंगकर्मी हबीब तन्वीर यांनी त्यांची कला मोठ्या शहरांपुढे आणली. पुढे भिलाई पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली. २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले.

रेडिओवर तंबुऱ्याची गदा दिसत नाही. सगळे आवाजानेच उभे करावे लागते. इथे रागीचे काम कळीचे ठरते. रागी हा मुख्य गायकाचा साथीदार. तो कथेला हुंकार देतो, प्रश्न विचारतो, ओळी उचलून धरतो. त्याच्या प्रश्नांमुळे कथा कुठवर आली हे न पाहणाऱ्यालाही समजते. मराठी श्रोत्याला कीर्तनातला झीलकरी किंवा पोवाड्यातला ‘जी जी’ म्हणणारा साथीदार ठाऊक असतो, म्हणून ही रचना त्याला परकी वाटत नाही. महाभारताची कथाही आधीच माहीत असते. त्यामुळे बोली पुरती कळत नसली तरी भिलाईतले मराठी, बंगाली किंवा तेलुगू घर पंडवानीत रमू शकते.

रंगमंचावरून स्टुडिओत

१९७० च्या दशकात छत्तीसगडी संगीताला नवे वळण मिळाले. दुर्गजवळच्या बघेरा गावचे रामचंद्र देशमुख यांनी ७ नोव्हेंबर १९७१ रोजी ‘चंदैनी गोंदा’ हा मोठा रंगमंचीय कार्यक्रम पहिल्यांदा सादर केला. शेतकऱ्याच्या आयुष्याची कथा लोकगीतांतून आणि नव्या गीतांतून मांडणारा हा प्रयोग होता. खुमानलाल साव यांचे संगीत आणि लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते त्याला लाभली होती. ही गाणी रेडिओवर आली आणि प्रयोग न पाहिलेल्यांच्याही तोंडी बसली. पाठोपाठ महासिंग चंद्राकर यांचा ‘सोनहा बिहान’ आला. त्यांच्या कन्या ममता चंद्राकर यांनी रायपूर केंद्रावर गायला सुरुवात केली आणि नोकरीही आकाशवाणीतच केली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

स्टुडिओने या संगीताला प्रसिद्धी दिली, तसे त्याचे रूपही बदलले. आकाशवाणीवर गाण्यासाठी ध्वनिचाचणी द्यावी लागते आणि कलाकारांची श्रेणी ठरते. खेड्यातल्या गायकाला यातून मानधन आणि मान्यता मिळाली. मात्र गावात रात्रभर चालणारे गाणे वेळेच्या चौकटीत बसवताना काही मिनिटांचे झाले. ऐनवेळी सुचलेल्या ओळी, श्रोत्यांशी होणारी देवाणघेवाण आणि नाचाची साथ सुटली. ददरियातला मोकळेपणाही प्रसारणासाठी सौम्य झाला. फेर धरून सगळ्यांनी गायची गाणी एका प्रमुख आवाजाची झाली. रेडिओवरचे लोकगीत हे मूळ गीताचे एक रूप आहे, संपूर्ण गीत नव्हे, हे ध्यानात ठेवून ते ऐकायला हवे.

आदिवासी भाषांचे आवाज

छत्तीसगडी ही या राज्याची मुख्य बोली असली, तरी एकमेव भाषा नाही. १९७० च्या दशकात जगदलपूरला केंद्र निघाले आणि बस्तरच्या हलबी, गोंडी या भाषांना प्रसारणात जागा मिळाली. हलबीत मराठी, ओडिया आणि छत्तीसगडी यांचे मिश्रण असल्याने मराठी कानाला तिच्यातले अनेक शब्द ओळखीचे वाटतात. गडचिरोली आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या गोंडी, हलबी आणि छत्तीसगडी बोलणाऱ्यांचे सीमेपलीकडे नातेसंबंध आहेत.

या गायनपरंपरांची नोंद रेडिओच्याही आधी सुरू झाली होती. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांचा छत्तीसगडच्या लोकगीतांवरचा ग्रंथ १९४६ चा. त्यांचे सहकारी शामराव हिवाळे यांनी त्याच वर्षी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर पुस्तक लिहिले. छापील पानावर शब्द टिकतात, चाल टिकत नाही. ती उणीव ध्वनिमुद्रणाने भरून काढली.

आजचा श्रोता

छत्तीसगडी गाणी आता चित्रपटांतूनही देशभर पोहोचली आहेत. ‘दिल्ली ६’ (२००९) मधले ‘गेंदा फूल’ आणि ‘पीपली लाइव्ह’ (२०१०) मधले ‘चोला माटी के’ ही त्याची ठळक उदाहरणे. दोन्हींची मुळे छत्तीसगडात आहेत, पण चित्रपट पाहणाऱ्या बहुतेकांना त्यांचा उगम ठाऊक नसतो. नावगाव सांगणाऱ्या निवेदकाची गरज इथे पुन्हा जाणवते.

रेडिओचे स्वरूपही बदलले आहे. आकाशवाणीची प्रादेशिक केंद्रे आता मोबाइलवरच्या ‘न्यूज ऑन एअर’ अॅपवर ऐकता येतात, त्यामुळे पुण्यात बसूनही रायपूर केंद्र लावता येते. २०१० मध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने ‘सीजीनेट स्वर’ सुरू झाले. दुर्गम गावातला माणूस साध्या मोबाइलवरून फोन करून आपली बातमी, तक्रार किंवा गाणे तिथे नोंदवू शकतो आणि इतरांना ते फोनवरच ऐकता येते. गोंडी बोलणाऱ्यांना यातून स्टुडिओत न जाता गाण्याची सोय झाली.

छत्तीसगडमध्ये रेडिओ ऐकणाऱ्यांच्या संघांची परंपराही जुनी आहे. फर्माइशी कार्यक्रमांत भाटापारा या इथल्या गावाचे नाव वारंवार येत असे. छत्तीसगडमधले श्रोते २० ऑगस्ट हा श्रोता दिवस म्हणून पाळतात. १९२१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतल्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या इमारतीतून संगीताचा एक कार्यक्रम प्रसारित झाला आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला, त्या घटनेची ही आठवण. हे संगीत जाणून घेऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकाने पंडवानीपासून सुरुवात करावी, कारण कथा परिचयाची असते. नंतर सुवा, करमा आणि ददरिया ऐकावेत. प्रत्येक वेळी गायकाचे नाव, गाव आणि गीताचा प्रकार लक्षात ठेवावा. एवढे केले, तर काही महिन्यांतच छत्तीसगडच्या निरनिराळ्या समाजांचे सूर वेगवेगळे ओळखता येऊ लागतात.