परमुलुखांतलें टपाल

मुलगा परदेशीं नोकरीस गेला, किंवा लेक तिकडे नांदावयास गेली, कीं घरांत एक नवीन तक्रार जन्मास येते : "पाठवून दीड महिना झाला, अद्याप पोचलें नाहीं!" दूरध्वनीवर रोज बोलणें होतें, हें खरें, पण मुखत्यारपत्र, पदवीचें प्रमाणपत्र, दिवाळीची भेट या वस्तु दूरध्वनींतून जात नाहींत. तेव्हां टपालाशीं गांठ पडतेच, आणि बिनसलें म्हणजे आपण दोष देतों तो पोस्टमनला. श्रोतेहो, आपलीं मुलें जेथें राहतात त्यांपैकीं कित्येक देशांत पोस्टमन सहसा दारीं येतच नाहीं, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

दुबई, शारजा, मस्कत किंवा नैरोबी घ्या. या शहरांत घरोघर बटवडा करण्याची आपल्यासारखी रीत रुजली नाहीं. टपालकचेरींत भाड्यानें घेतलेली कुलुपाची पेटी, हाच तेथला खरा पत्ता. नोकरदार मनुष्य बहुधा स्वतःची पेटी घेत नाहीं. तो आपल्या कंपनीच्या पेटीचा क्रमांक देतो. त्या एका पेटींत साऱ्या कामगारांचीं पत्रें पडतात, सवड होईल तेव्हां कोणी शिपाई तीं काढून आणतो, आणि कचेरींतल्या एखाद्या टेबलावर त्यांचा ढीग साचतो. विमानांत वा जकातींत हरवलें असें आपण समजतों तें पत्र पुष्कळदां या टेबलावरूनच गहाळ झालेलें असतें. नोकरी बदलली म्हणजे पत्ताहि बदलतो, आणि नेमकें तेंच घरीं कळवावयाचें राहून जातें. दुसरा घोटाळा पिनकोडाचा. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजलेला सहा आंकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला, नि तो आतां आपल्या अंगवळणीं पडला आहे. संयुक्त अरब अमिरातींत तशी पद्धत नाहीं. केनियांत आहे, पण तेथील क्रमांक टपालकचेरीचा असतो. नैरोबीच्या मुख्य कचेरीचा 00100, आणि तो पेटीच्या क्रमांकास जोडून लिहावयाचा. नांव, कंपनी, पेटीचा क्रमांक, शहर, देश आणि चालू असलेला दूरध्वनि क्रमांक, एवढें ठळक असलें म्हणजे पुरे. गल्ली व मजला यांच्या वर्णनानें पाकीट भरूं नये.

आतां हें टपाल चालतें तरी कसें? 9 ऑक्टोबर 1874 रोजीं स्वित्झर्लंडमधील बर्न येथें 22 राष्ट्रांनीं करार केला, आणि 1876 त हिंदुस्थान त्यांत सामील झाला. टपालापुरता सर्व सभासद देशांचा प्रदेश एकच मानावयाचा, असें त्यांत ठरलें. पत्र जेथें टाकलें त्या देशानें हशील ठेवावें, आणि जेथें जावयाचें त्या देशानें तें फुकट वाटावें. कारण पत्रास उत्तर येणारच, मग हिशेब आपोआप फिटतो! कल्पना मोठी गोड खरी. पण कांहीं देशांकडे येणारें टपाल जाणाऱ्याहून फार वाढलें, तेव्हां 1969 च्या टोकियो परिषदेंत बटवड्याचा मोबदला ठरवावा लागला. तथापि मूळची रचना तीच राहिली : पैसे घेतें एक खातें, आणि पत्र पोचवितें दुसरें. आपलें खातें त्या दुसऱ्यास विचारणा करूं शकतें, हुकूम करूं शकत नाहीं.

म्हणून पाठवणाऱ्याच्या हातीं उरतो तो पावतीवरचा तेरा अक्षरांचा क्रमांक. पहिलीं दोन अक्षरें टपालाचा प्रकार सांगतात, शेवटचीं दोन टपाल निघालें तो देश. भारतासाठीं आय-एन, केनियासाठीं के-ई. मधल्या नऊ आंकड्यांपैकीं नववा मोठा मौजेचा आहे. आधींच्या आठांस अनुक्रमें 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 यांनीं गुणून बेरजेस 11 नें भागतात, आणि बाकीवरून तो काढतात. कारकुनानें एखादा आंकडा चुकविला कीं यंत्रास तें तत्काळ कळतें. (गणिताच्या तासाला मुलांना हें उदाहरण अवश्य घालावें.) साध्या टपालास असा क्रमांकच नसतो, त्याचा माग कोणीहि काढूं शकत नाहीं.

पत्र अडलें तर चौकशी कोणी करावी? येथें बहुतेक घरें फसतात. दुबईतला मुलगा तेथल्या कचेरींत खेपा घालतो आणि रिकाम्या हातीं परततो. आंतरराष्ट्रीय नियमान्वयें बटवडा होईपर्यंत वस्तु पाठवणाऱ्याचीच असते. म्हणून पावती घेऊन पाठवणाऱ्यानेंच आपल्या टपालकचेरींत अर्ज द्यावा, आणि तोहि टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. माल जकातींत अडकला असेल तर दोष बहुधा वरच्या चिठ्ठीचा. नुसतें "भेट" लिहूं नये; "सुती सदरे 3, पुस्तकें 2" असें किंमतीसह लिहावें. कधीं कधीं सर्वच वाट बंद होते. ऑगस्ट 2025 मध्यें अमेरिकेनें 800 डॉलरपर्यंतच्या मालावरील जकातमाफी काढून घेतली, तेव्हां आपल्या खात्यास तिकडील टपाल घेणें थांबवावें लागलें. तें 15 ऑक्टोबरपासून पुन्हां सुरू झालें.

माझे एक निवृत्त शिक्षकमित्र मुलाकडे शारजास राहतात. वकिलातींत सही घेऊन हयातीचा दाखला त्यांनीं साध्या टपालानें इकडे पाठविला. तो मुदतींत आला नाहीं, आणि निवृत्तिवेतन थांबलें. मनुष्य हिंडता-फिरता, रोज दूरध्वनीवर बोलणारा. पण कागद वाटेंत, म्हणून हिशेबीं तो हयात नाहीं! पावती नसल्यामुळें चौकशीहि करतां येईना. दुसरा दाखला पोचून रक्कम हातीं पडेपर्यंत तीन महिने गेले, आणि तेवढे दिवस त्या स्वाभिमानी गृहस्थास औषधालाहि मुलापुढें हात पसरावा लागला. 2014 पासून "जीवन प्रमाण" ही सोय आहे. आधारच्या साहाय्यानें दाखला टपालावांचून जातो, आणि 2021 पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनहि तो काढतां येतो. आपलें निवृत्तिवेतन देणारें खातें ही सोय स्वीकारतें कीं नाहीं, आणि कागदच लागत असेल तर त्यावर कोणाची सही चालते, हें परदेशीं निघण्यापूर्वींच विचारून घ्यावें. नोव्हेंबर उजाडल्यावर दाखला पोचविण्यास हातीं फार दिवस उरत नाहींत.