विश्लेषण : खाजकुयली लागल्यावर अ‍ॅलर्जीच्या गोळीने गुण का येत नाही?

सिंधुदुर्गात काजूचा हंगाम आणि खाजकुयलीच्या शेंगा वाळण्याचा काळ साधारण एकच. मालवण, कुडाळकडच्या गडग्यांवर आणि वईवर चढलेला हा वेल पावसाळ्यात कुणाच्या लक्षातही येत नाही. शेंगा वाळल्या, की त्यांच्यावरची तपकिरी कुसे नुसत्या वाऱ्यानेही उडतात. बागेत बी गोळा करायला गेलेल्यांची मान, हात पेटून उठतात. घरी आल्यावर अनेक जण अ‍ॅलर्जीची गोळी घेतात आणि खाज तशीच राहते. गोळीत खोट नसते. ती वेगळ्याच दारावर पहारा देत असते.

मग खाज सुटते कशाने?

अंगावर पित्त उठते तेव्हा त्वचेतील पेशी हिस्टामिन सोडतात. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या त्या हिस्टामिनचे काम अडवतात. खाजकुयलीचा मार्ग निराळा आहे. तिच्या कुसांत प्रथिने कापणारे एन्झाइम, म्हणजे विकर असते, हे वॉल्टर शेली आणि रॉबर्ट आर्थर या अमेरिकी संशोधकांनी १९५५ मध्ये दाखवले. त्याचे नाव म्युक्युनेन. उष्णता देऊन ते निकामी केले, तर कूस टोचूनही खाज येत नाही. २००८ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी पुढचा दुवा जोडला : हे विकर ‘पार-२’ आणि ‘पार-४’ हे रिसेप्टर चालू करते.

‘पार’ म्हणजे काय?

प्रोटीएझ-अ‍ॅक्टिव्हेटेड रिसेप्टर. पेशीवरचे बहुतेक रिसेप्टर कुलपासारखे असतात; बाहेरून किल्ली आली, की उघडतात. पारची किल्ली मात्र कुलपालाच बांधलेली, वर वेष्टन घातलेली असते. रिसेप्टरचा शेंडा पेशीबाहेर लोंबत असतो. विकर तो ठरावीक जागी कापते, उघडे पडलेले टोक वळून त्याच रिसेप्टरमध्ये बसते आणि पेशीला संदेश जातो. कापलेला शेंडा पुन्हा जोडता येत नाही. त्यामुळे पेशी तो रिसेप्टर आत ओढून मोडीत काढते.

शरीराने ही व्यवस्था अर्थातच खाजकुयलीसाठी ठेवलेली नाही. विळीवर मासे कापताना बोट कापले, की रक्तात थ्रॉम्बिन हे विकर तयार होते. ते प्लेटलेट्सवरील पार-१ आणि पार-४ कापते, प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि गुठळी धरते. या कुटुंबातला पहिला रिसेप्टर १९९१ मध्ये सापडला, तो याच थ्रॉम्बिनचा. पार-१ रोखणाऱ्या व्होरापॅक्सार या हृदयविकाराच्या औषधाला २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण रक्तस्रावाचा धोका असल्याने पक्षाघात होऊन गेलेल्यांना ते देत नाहीत. पार-२ आतड्यातही असतो आणि इसबाच्या खाजेतही त्याचा हात असल्याचे दिसले आहे. साध्या गोळ्यांनी इसबाची खाज नीट का शमत नाही, याचे एक उत्तर इथे असू शकते.

खाजकुयली लागल्यास काय करावे?

चोळू नये, खाजवू नये. त्याने कुसे आणखी रुततात आणि पसरतात. चिकटपट्टी लावून अलगद ओढली, तर बरीच कुसे निघून येतात. मग साबण-पाण्याने धुवावे, कपडे वेगळे धुवावेत. शेण किंवा चिखल फासून तो वाळल्यावर काढण्याच्या जुन्या उपायामागेही कुसे उपटण्याचेच तत्त्व असावे. मात्र खाजवून सोललेल्या त्वचेवर शेण लागले, तर धनुर्वाताचा धोका असतो. कच्च्या पपईचा चीक तर मुळीच लावू नये. त्यातले पपेनही हेच रिसेप्टर चालू करते. डोळ्यात कूस गेल्यास न चोळता स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.