शेपटीला चाक, हाताखाली कीबोर्ड : सिम्युलेटरमध्ये टेलड्रॅगर जमिनीवर सरळ कसे चालवावे?

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेसना सहज उडवणारे अनेक जण एखाद्या दिवशी पायपर कब निवडतात आणि उड्डाणाआधीच अडकतात. थ्रॉटल वाढवला की विमान डावीकडे ओढ घेते. उजवी कळ दाबली की ते त्याहून जोरात उजवीकडे जाते. तिसऱ्या झोकात ते स्वतःभोवती गरकन फिरून गवतात जाते. पायाने चालवायची पेडल विकत घेतल्याशिवाय हे जमणार नाही, असे मग वाटू लागते. पेडल असतील तर सोपे जाते हे खरे, पण विमान असे का वागते हे कळले तर कीबोर्डवरही ते सरळ ठेवता येते.

टेलड्रॅगर म्हणजे काय?

दोन मुख्य चाके पुढे आणि एक छोटे चाक शेपटीखाली, अशी रचना असलेले विमान म्हणजे टेलड्रॅगर. फार जुन्या विमानांत शेपटीला चाकाऐवजी नुसती घसरपट्टी असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते पुस मॉथ याच जातीचे. हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलेले आणि भारतातल्या फ्लाइंग क्लबांत वर्षानुवर्षे वापरलेले 'पुष्पक'ही टेलड्रॅगरच. आजचे विद्यार्थी बहुधा नाकाखाली चाक असलेल्या सेसनावर शिकतात.

ते गरकन का फिरते?

मॉलमधली ट्रॉली आठवा. तिची मागची चाके सरळ बसवलेली असतात आणि पुढची कुठेही वळतात. नेहमीसारखी ढकलली की ती सरळ जाते. तीच भरलेली ट्रॉली उलटी करून, सरळ चाके पुढे ठेवून जोरात ढकलली, तर मागचे वजन जरा बाजूला सरकताच ती फिरू पाहते.

टेलड्रॅगरचे तसेच आहे. त्याचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. विमान थोडे तिरके झाले की मागचे वजन ते आणखी तिरके करते. सेसनात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने तिरके झालेले विमान आपोआप सरळ होऊ पाहते. टेलड्रॅगरला मात्र चालकानेच सरळ करावे लागते, आणि तेही लवकर. विमान पूर्ण फिरण्याच्या या प्रकाराला ग्राउंड लूप म्हणतात. खऱ्या विमानात यात पंखाचे टोक जमिनीला घासते, चाकांचे पाय मोडतात.

कीबोर्ड कुठे कमी पडतो?

पेडलवर पाय हलका-जड करता येतो, आणि पाय सैल सोडला की रडर मध्यावर येऊ लागते. कळ मात्र दाबलेली असते किंवा नसते. काही सिम्युलेटरमध्ये कळ सोडली की रडर मध्यावर येते, तर फ्लाइटगिअरमध्ये ते दिलेल्या जागीच राहते. दिलेले रडर परत घ्यायचे राहून जाते आणि विमान दुसऱ्या बाजूला झोकांडी खाते. म्हणजे अडचण रडर कमी पडण्याची नसते. ते उशिरा दिले जाते आणि उशिरा काढले जाते.

मग करायचे काय?

१. वेग कमी ठेवा. टॅक्सी करताना भरभर चालणाऱ्या माणसाएवढा वेग पुरे.

२. शेपटी दाबून ठेवा. दांडा पूर्ण मागे ओढला की शेपटीचे चाक जमिनीला घट्ट टेकते आणि वळण हातात राहते. वारा मागून असेल तर मात्र दांडा पुढे ठेवावा, नाहीतर वारा शेपटी उचलू पाहतो.

३. टिचकी मारा आणि परत घ्या. कळ दाबून धरू नका. एक छोटी टिचकी, लगेच उलट बाजूची टिचकी. नाक वळायचे थांबेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. फ्लाइटगिअरमध्ये अंकपटावरची ५ ही कळ रडर मध्यावर आणते, पण दांडाही मध्यावर आणते. त्यामुळे तो पुन्हा मागे घ्यायला विसरू नका.

४. ब्रेक दोन बाजूंना वेगळे ठेवा. डाव्या आणि उजव्या ब्रेकला दोन सोयीच्या कळा द्या. हळू चालताना रडर पुरत नसेल, तर आधी पूर्ण रडर देऊन थ्रॉटलचा छोटा झटका द्या. पंख्याचा वारा रडरवर आपटतो आणि विमान वळते. तरीही वळले नाही तर त्या बाजूचा ब्रेक हलका टोचा. दोन्ही ब्रेक जोरात दाबले तर विमान नाकावर पडू शकते.

५. असलेल्या साधनातून अक्ष काढा. गेमपॅडची दुसरी काठी रडरला द्या आणि मध्याजवळची संवेदनशीलता कमी करा. फ्लाइटगिअरमध्ये माउसने विमान चालवताना डावे बटण दाबून धरले की तोच माउस रडर हलवतो.

नाक वर असल्याने समोरचे दिसत नाही. खरे वैमानिक नागमोडी चालत दोन्ही बाजूंनी डोकावतात. सिम्युलेटरमध्ये कॅमेरा थोडा वर घेतला तरी चालते.

सोलापूरच्या धावपट्टीवर

होटगी रोडच्या विमानतळाची धावपट्टी आग्नेय-वायव्य आहे. समजा, सिम्युलेटरमध्ये पश्चिमेचा वारा लावून तुम्ही वायव्येकडे तोंड करून कब उभे केले. वारा डावीकडून तिरका येतो आणि उभ्या शेपटीवर आपटून नाक डावीकडे वळवतो. कबचे इंजिनही पूर्ण ताकदीवर नाक डावीकडेच खेचते. दोन्ही ओढी एकाच बाजूच्या. (टायगर मॉथचा पंखा उलटा फिरतो, त्यामुळे त्याची ओढ उजवीकडे.)

इथे वाऱ्याकडचा पंख उचलला जाऊ नये म्हणून एलेरॉन डावीकडे हवे आणि नाक सरळ राहावे म्हणून रडर उजवीकडे. आता रडर आपोआप देणारी सोय चालू असेल तर काय होईल? एलेरॉन डावीकडे दिले की ती रडरही डावीकडेच देईल, म्हणजे नेमके नको ते. नवशिक्यांच्या मदतीसाठीची ही सोय आडव्या वाऱ्यात टेलड्रॅगरचा घात करते. ती बंद करा आणि थ्रॉटल एकदम न देता तीन-चार सेकंदांत हळूहळू वाढवा.

उतरल्यावर जास्त सावध

चाके टेकली की काम झाले असे वाटते. पण वेग उतरतो तसा रडरवरचा वारा कमी होतो आणि त्याची पकड सुटत जाते. पुष्कळ ग्राउंड लूप याच टप्प्यावर होतात. विमान पूर्ण थांबेपर्यंत दांडा मागे आणि बोटे रडरच्या कळांवर हवीत.

सरावाची सुरुवात उड्डाणाने करू नका. वारा शून्य ठेवा आणि धावपट्टीच्या मधल्या रेषेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसते चाला. ते जमले की थोडा वेग वाढवा आणि शेपटी उचलण्याआधी थ्रॉटल काढून घ्या. त्यानंतर आडवा वारा लावा. उद्या खऱ्या कॉकपिटमध्ये बसायची संधी मिळाली तर तिथली पेडल नवीन असतील, पण नाक हलताक्षणी सावरण्याची सवय तुमच्याबरोबर येईल.